एका कांद्यावर बारावीचं जीवशास्त्र

मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघण्यासाठी कांदे आणायचे ते लहान, लिंबाएवढे, आणि साठवणीच्या कांदाचाळीत दोन-तीन महिने राहिलेले. जुलैत असे उन्हाळी कांदे कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळतात. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला वेळ लागतो. मोड येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला कांदाही चालत नाही. लासलगावला तसं केंद्र आहे, आणि तिथून आलेला माल दिसायला इतर कांद्यांसारखाच असतो. पण गॅमा किरणांचा घाव बसतो तो विभाजन करणाऱ्या पेशींवर, आणि आपल्याला तर त्याच बघायच्या असतात. म्हणून एकाच कांद्यावर भिस्त न ठेवता चार-पाच कांदे एकदम मांडायचे.

बारावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात पंधरा प्रकरणं आहेत. पहिली दोन प्रजननाची, मग आनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, वनस्पती आणि पाणी, मग माणसाचं शरीर, आणि शेवटी परिसंस्था व जैवविविधता. ही सगळी सुटी सुटी वाचली तर दिवाळीनंतर पहिलं प्रकरण पुन्हा कोरं वाटायला लागतं. आम्ही ज्या पद्धतीने हे वर्ष काढतो तिच्यात एकच सजीव हाती धरायचा आणि त्याला घेऊन पुस्तकभर फिरायचं. त्यासाठी कांद्यासारखा सोबती नाही. स्वस्त आहे, बारा महिने मिळतो, आणि त्याची गुणसूत्रं मोठी नि मोजता येण्यासारखी आहेत. प्रत्येक पेशीत १६. हा आकडा पहिल्याच महिन्यात पाठ न करता डोळ्यांनी बघून घ्यायचा. पुढचं अर्धं पुस्तक त्याच्यावर उभं राहतं.

कांद्याच्या बुडाची वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढायची. बुडाची चकती कापायची नाही, कारण नवी मुळं तिच्यातूनच येतात. कांद्याला तीन टूथपिक टोचून तो लहान बीकरच्या तोंडावर बसवायचा आणि पाणी बुडाला जेमतेम टेकेल इतकंच भरायचं. अर्धा कांदा पाण्यात राहिला तर कुजतो आणि दुसऱ्याच दिवशी वास सुटतो. पाणी रोज बदलायचं. तीन ते सहा दिवसांत दोन-तीन सेंटीमीटरची पांढरीशुभ्र मुळं येतात. टोकं पिवळट किंवा पारदर्शक झाली असतील तर ती मुळं टाकून द्यायची, तिथे विभाजन थांबलेलं असतं.

मुळं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापायची. टोकाकडचा एक सेंटीमीटर पुरतो. कापल्या कापल्या ती अॅसेटो-अल्कोहोलमध्ये टाकायची: एक भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, तीन भाग इथाइल अल्कोहोल. वर्गाला ५ मिली आणि १५ मिली मिळून २० मिली भरपूर होतं. हे मिश्रण त्याच दिवशी करायचं. ठेवून दिलं तर आम्ल आणि अल्कोहोल यांची आपसात अभिक्रिया होते आणि मिश्रणाचा जोर जातो. चोवीस तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवली की काही आठवडे टिकतात. स्थिरीकरणाचा हा टप्पा घाईत गाळला जातो. मग स्लाइडवर केंद्रकं दिसतात, पण गुणसूत्रं दिसत नाहीत, आणि दोष रंगाला दिला जातो. खरं तर पेशी ज्या क्षणी होती त्या क्षणी तिला थांबवण्याचं काम या द्रावणाचं आहे. कापलेलं मूळ नुसतं पाण्यात पडून राहिलं तर सुरू झालेली विभाजनं पुढे सरकत जातात आणि नवी सुरू होत नाहीत.

आता स्लाइड. एक मूळ स्लाइडवर घ्यायचं आणि त्यावर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकायचा. आम्ल करताना संहत आम्ल सुमारे ८.५ मिली घेऊन ते पाण्यात हळूहळू सोडायचं आणि १०० मिली करायचं. नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. थेंबावर गुणसूत्रं रंगवणाऱ्या अॅसेटोकार्माइन या लाल रंगाचे दोन-तीन थेंब टाकून स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवायची. तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवली तर गरम लागावी पण चटका बसू नये, इतपत. द्रावण उकळलं तर ऊती आक्रसते आणि बुडबुडे आत अडकतात. पाच ते दहा मिनिटं तशीच ठेवायची, सुकत आली तर रंगाचा आणखी एक थेंब द्यायचा. अल्कोहोलची बाटली या वेळी दिव्यापासून लांब, दुसऱ्या टेबलावर हवी.

आम्ल कशासाठी, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि बहुतेकांचं उत्तर 'रंग चढावा म्हणून' असं येतं. आम्लाचं मुख्य काम पेशी सुट्या करणं हे आहे. दोन पेशींच्या मधल्या पटलात पेक्टिन असतं, तेच पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवतं, आणि आम्लात ते विरघळतं. आम्ल कमी पडलं तर दाबूनही पेशी एका थरात पसरत नाहीत, एकावर एक रचलेल्या राहतात. जास्त वेळ राहिलं तर मूळ लगदा होतं आणि रंग फिका पडतो.

मग मूळ नीट निरखायचं. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर बाकीपेक्षा गडद लाल झालेले दिसतात. तिथे पेशी लहान, केंद्रकं मोठी आणि दाटीने असतात, म्हणून रंग जास्त धरला जातो. तेवढाच भाग ब्लेडने कापून ठेवायचा, उरलेलं मूळ स्लाइडवरून काढून टाकायचं. या एका कृतीवर सगळं अवलंबून आहे, आणि नेमक्या इथेच सर्वांत जास्त स्लाइडी फुकट जातात. मूळ लांब ठेवलं तर कव्हरस्लिपखाली दीर्घीकरणाचा भाग येतो. लांबट आयताकृती पेशी, प्रत्येकीत एक शांत गोल केंद्रक, आणि शोधूनही विभाजन सापडत नाही. पेशी चौकोनी आणि केंद्रकाने जवळजवळ भरलेल्या दिसल्या तर जागा बरोबर आहे असं समजायचं.

रंगाचा एक ताजा थेंब टाकून कव्हरस्लिप एका कडेने टेकवत खाली सोडायची. वर ब्लॉटिंग पेपरची घडी ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मधोमध हलके टकटक करायचं, मग अंगठ्याने सरळ खाली एकदाच दाबायचं. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि पुढचं सगळं वाया. बुडबुड्यांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूक्ष्मदर्शकातून हवेचा बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचं लख्ख गोल वर्तुळ. जर्नलमध्ये त्याचीच पेशी म्हणून आकृती काढलेली दरवर्षी सापडते. फोकस थोडा वरखाली केला की त्याची काळी कड जाड-बारीक होते, पेशीच्या भित्तीचं तसं होत नाही.

रंग फिकट येत असेल तर जुनी युक्ती अशी, की अॅसेटोकार्माइनमध्ये गंजकी लोखंडी सुई काही वेळ ढवळायची. लोह रंगाला गुणसूत्रावर धरून ठेवतं. जास्त झालं तर मात्र पेशीद्रव्यही काळवंडतं.

आधी १० च्या भिंगाखाली, म्हणजे १०० पट विशालनावर, चौकोनी पेशींचा भाग शोधायचा. तो दृश्याच्या मधोमध आणल्यावरच ४५ चं भिंग फिरवायचं. त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. पूर्वावस्थेत केंद्रकात लाल दोऱ्याची गुंडी दिसते. मध्यावस्थेत कडेने बघितलं तर मधोमध आडवी लाल पट्टी, ध्रुवाकडून बघितलं तर सुटी, वाकडी गुणसूत्रं. १६ मोजायची तर ध्रुवाकडून दिसणारी पेशीच शोधावी लागते. पश्चावस्थेत दोन गट, टोकं मागे फरफटत चाललेली. अंत्यावस्थेत दोन गोळे आणि मधे पेशीपट्टिका. जे मराठी माध्यमातून आले आहेत त्यांना दहावीच्या पुस्तकातली सूत्री विभाजन, प्रकलविभाजन, परिकलविभाजन ही नावं येत असतात आणि अकरावीपासून अचानक माइटोसिस, कॅरिओकायनेसिस, सायटोकायनेसिस ऐकावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहायची. नवीन काही शिकायचं नसतं, ओळखीच्याच माणसाचं दुसरं नाव असतं.

आता मोजणी. दृश्यं बदलत एकूण २०० पेशी मोजायच्या आणि प्रत्येक कोणत्या अवस्थेत आहे ते लिहायचं. समजा १८२ आंतरावस्थेत (दोन विभाजनांच्या मधल्या काळात), १० पूर्वावस्थेत, ३ मध्यावस्थेत, २ पश्चावस्थेत, ३ अंत्यावस्थेत मिळाल्या. विभाजन करणाऱ्या १८, म्हणजे विभाजनांक ९ टक्के. आणि पूर्वावस्थेतल्याच सर्वांत जास्त का? कारण ती अवस्था सर्वांत लांब चालते. एकाच वेळी थांबवलेल्या पेशींमध्ये ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो तिच्यातल्या पेशी जास्त सापडणार. पेशीचक्रातला सर्वांत मोठा वाटा आंतरावस्थेचा असतो हे पुस्तकातलं वाक्य इथे आपोआप हाती लागतं. ज्याने १८२ रेघा ओढल्या त्याला ते पुन्हा पाठ करावं लागत नाही.

याच स्लाइडवर एक गोंधळ कायमचा मिटवून घ्यायचा. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी-१ टप्प्यात, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याआधी, पेशीत १६ गुणसूत्रं आणि डीएनए २सी (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एकेरी संचातला डीएनए). एस या नक्कल होण्याच्या टप्प्यानंतर डीएनए ४सी होतो, पण गुणसूत्रं १६ च राहतात, फक्त प्रत्येकाच्या दोन क्रोमॅटिडी होतात. मध्यावस्थेत १६ गुणसूत्रं, ३२ क्रोमॅटिडी. पश्चावस्थेत सेंट्रोमियर फुटला की त्या क्षणी त्याच पेशीत ३२ गुणसूत्रं मोजली जातात, प्रत्येक ध्रुवाकडे १६. शेवटी प्रत्येक नव्या केंद्रकात १६ आणि २सी. मोजायचा असतो सेंट्रोमियर, क्रोमॅटिड नाही. एवढं एक सूत्र धरलं की वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत येणारे या जातीचे सगळे प्रश्न सुटतात.

कांद्याच्या मुळावर काम करणारे आल्बर्ट लेव्हान हे स्वीडिश शास्त्रज्ञ होते. कोल्चिसिन या रसायनाने कांद्याच्या मुळातलं विभाजन कसं अडतं हे त्यांनी १९३८ मध्ये दाखवलं. पुढे त्यांनी आणि जो हिन त्यो यांनी लुंड इथे माणसाच्या पेशींवर कोल्चिसिन आणि पेशी दाबून पसरवण्याची रीत वापरली आणि १९५६ मध्ये जाहीर केलं की माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत. तोवर तीसेक वर्षं सगळे ४८ मानत होते. तिसऱ्या प्रकरणात गुणसूत्रांच्या विकारांचे टर्नर ४५, क्लाइनफेल्टर ४७, डाउन ४७ हे आकडे येतात, ते मोजता येऊ लागले ते या कामानंतरच. अंगठ्याखाली दाबलेली मुळाची स्लाइड आणि माणसाच्या गुणसूत्रांचा तक्ता यांच्यात इतकं जवळचं नातं आहे.

आता १६ घेऊन पहिल्या प्रकरणात जायचं. पानातली पेशी १६, परागकण ८, अंडपेशी ८, प्रदेहातली पेशी १६, युग्मनज १६, भ्रूणपोष २४ (दोन ध्रुवीय केंद्रकं आणि एक नर युग्मक, प्रत्येकी ८). पुस्तकातली भ्रूणकोशाची आकृती एकाच महाबीजाणूपासून तयार होणाऱ्या प्रकारची आहे, तीन विभाजनं, आठ केंद्रकं, सात पेशी. कांद्यात मात्र दोन महाबीजाणूंची केंद्रकं भाग घेतात, म्हणून दोनच विभाजनांत आठ केंद्रकं होतात. या प्रकाराला अॅलियम प्रकार असंच नाव आहे. परीक्षेत आकृती पुस्तकातलीच काढायची. शेवटची मांडणी दोन्हींत सारखीच येते: वर अंडपेशी आणि दोन सहायक पेशी, मधे दोन ध्रुवीय केंद्रकं, खाली तीन प्रतिध्रुवीय पेशी. म्हणून भ्रूणपोषाचा आकडा बदलत नाही. ही आकृती वाचून येत नाही. कोऱ्या कागदावर एका केंद्रकापासून सुरुवात करून १, २, ४, ८ असं वाढवत स्वतः काढली की येते. एचबी पेन्सिल, एकच ठाम रेघ, छटा नाही, नावांच्या रेघा एका बाजूला समांतर आणि टोकाला बाण नाही.

चौथ्या प्रकरणातही कांदा कामाला येतो. पुस्तकात माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएची लांबी काढायचं गणित असतं: ६.६ अब्ज बेसजोड्या गुणिले ०.३४ नॅनोमीटर, सुमारे २.२ मीटर. कांद्याच्या एकेरी संचात साधारण १६ अब्ज बेसजोड्या आहेत, माणसाच्या पाचपट. दुहेरी संचाचे ३२ अब्ज, म्हणजे जवळपास ११ मीटर, आणि तेही आपण आत्ता दाबलेल्या त्या चौकोनी पेशीच्या केंद्रकात. डीएनए जास्त म्हणजे सजीव जास्त गुंतागुंतीचा, ही समजूत या एका गुणाकाराने मोडते. न्यूक्लिओसोमचं, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचं, वेटोळं कशासाठी लागतं, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

आनुवंशिकतेच्या प्रकरणाला कांद्याच्या रंगाचं गणित जोडून घ्यावं. एका जनुकाचा प्रभावी प्रकार असेल तरच कांद्याला रंग येतो. दुसरं जनुक तो रंग लाल की पिवळा हे ठरवतं. पहिल्याचे दोन्ही अप्रभावी आले की दुसरं काहीही असो, कांदा पांढरा. शुद्ध लाल आणि दोन्ही जनुकांत अप्रभावी असलेला पांढरा यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत ९:३:४ येतं, लाल, पिवळे, पांढरे. मेंडेलच्या ९:३:३:१ मधले शेवटचे दोन गट एकत्र आले, एवढंच. तक्त्यातले हे १६ चौकोन आणि गुणसूत्रांचे १६ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करून टाकावं. तक्ता भरताना चूक होते ती युग्मकांच्या ओळीत. चार प्रकारची युग्मकं आधी नीट लिहिली नाहीत तर पुढचे सोळाही चौकोन चुकतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कांदा थोडा बाजूला ठेवून तेरड्याकडे वळायचं. परागनलिकेचा प्रयोग तेरड्यावर जितका बिनचूक जमतो तितका दुसऱ्या कुठल्याच सहज मिळणाऱ्या फुलावर जमत नाही. जास्वंदीचे परागकण मोठे आणि काटेरी दिसतात म्हणून सगळे तेच घेतात आणि तासभर बसून काही उगवत नाही. गौरीच्या वेळी तेरडा मुळासकट घरी येतो, तेव्हा फुलांना तोटा नसतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण आपल्याला फूल पहिल्याच दिवसाचं हवं. उमललेल्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून कुक्षीवर टोपीसारखे बसलेले असतात. ही टोपी नंतर अख्खी गळून पडते आणि मग कुक्षी उघडी होते. टोपी जागेवर असलेलं फूलच घ्यायचं. एकाच फुलात नर भाग आधी पिकतो आणि मादी भाग नंतर, हा पहिल्या प्रकरणातला स्वपरागण टाळण्याचा उपायही त्याच वेळी बघून होतो.

द्रावण: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १० मिलिग्रॅम बोरिक आम्ल. १० मिलिग्रॅम साध्या तराजूवर तोलता येत नाही, म्हणून १०० मिलिग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवायचं आणि त्यातले १० मिली वापरायचे. स्लाइडवर थेंब घेऊन त्यावर परागकोशाची टोपी हलकेच टेकवायची, पराग कमीच पडू द्यायचे. स्लाइड ओल्या टिपकागदावर झाकून ठेवायची, नाहीतर थेंब सुकत जातो, साखरेचं प्रमाण वाढतं आणि नळ्या थांबतात. फूल ताजं असेल तर अर्ध्या तासाच्या आत नळ्या दिसू लागतात. नळी परागकणाच्या व्यासापेक्षा लांब झाली तरच तो उगवला असं मोजायचं. दुसरी एक स्लाइड नुसत्या पाण्यात मुद्दाम करायची. तिथे काही कण फुटून आतला ऐवज बाहेर सांडलेला दिसतो. साखर नसल्यामुळे पाणी आत घुसतं आणि भिंत ताण सहन करू शकत नाही. साखर फार झाली तर उलट, पाणी आत जातच नाही आणि कण आहे तसा बसून राहतो.

या दोन स्लाइडींतून सहाव्या प्रकरणाचं दार उघडतं, आणि तिथे कांदा परत येतो. लाल कांद्याच्या मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल चिमट्याने सोलायची. रंग असतो रिक्तिकेत, त्यामुळे पेशी आक्रसताना रंगाचा डाग आक्रसताना दिसतो. आतली पारदर्शक साल घेतली तर हे काहीच दिसत नाही. ५ टक्के मिठाच्या पाण्यात काही मिनिटांत रससंकोच होतो. साध्या पाण्यात ठेवली की पेशी पुन्हा भरतात. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सालीत मात्र रंग बाहेर पसरतो आणि आक्रसणं होत नाही, कारण पटल मेलेलं असतं. आक्रसलेल्या पेशीत भित्ती आणि पटल यांच्या मधल्या जागेत काय असतं? बाहेरचं मिठाचं पाणी. हवा नाही, पोकळीही नाही. पेशीभित्ती मिठाला अडवत नाही, पटल अडवतं.

याच्या पुढची पायरी फार कमी जण करतात, आणि ती करण्यासारखी आहे. साखरेची ०.२ पासून ०.६ मोलर अशी पाच द्रावणं करायची. ०.४ मोलरसाठी १०० मिलीत १३.७ ग्रॅम साखर. प्रत्येकात सालीचा तुकडा वीस मिनिटं ठेवून ५० पेशी मोजायच्या आणि किती आक्रसल्या ते लिहायचं. ज्या द्रावणात निम्म्या पेशी जेमतेम आक्रसायला लागल्या, त्याचं परासरण विभव तेच पेशीरसाचं. निम्म्या पेशी ०.४ मोलरला सापडल्या असं धरलं तर २७ अंशांना ०.४ गुणिले ०.०८३१ गुणिले ३००, म्हणजे सुमारे १०, आणि आधी उणे चिन्ह: उणे १० बार. त्या क्षणी स्फीतिदाब, म्हणजे पेशीचा भित्तीवरचा दाब, शून्य असतो, म्हणून जलविभव आणि परासरण विभव एकच. उणे चिन्ह गाळणं ही इथली नेहमीची चूक. शुद्ध पाण्याचं विभव शून्य, म्हणजे काहीही विरघळलं की आकडा शून्याखालीच जाणार.

मूलरोमांसाठी मात्र कांद्याकडे जाऊ नये. त्याच्या मुळांना मूलरोम जवळपास येत नाहीत. ओल्या टिपकागदावर मोहरी पेरली की तीन दिवसांत पांढऱ्या लवीसारखे मूलरोम नुसत्या डोळ्यांना दिसतात.

माणसाच्या शरीराची प्रकरणं कांद्यावर भागत नाहीत, हे उघड आहे. तिथे स्वतःची नाडी धरायची. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे एक चक्र ०.८ सेकंदाचं: कर्णिकांचं आकुंचन ०.१, जवनिकांचं ०.३, दोन्ही शिथिल ०.४. जिना चढून आल्यावर ठोके १२० झाले तर एक चक्र ०.५ सेकंदाचं होतं, आणि कमी झालेला वेळ मुख्यतः शिथिलतेतून जातो. एका ठोक्याला ७० मिली रक्त बाहेर पडतं, म्हणून मिनिटाला ७२ गुणिले ७० मिली, साधारण ५ लिटर. हे गणित स्वतःच्या आकड्यांनी दोनदा केलं की पुरतं.

डिसेंबरमध्ये लेखी पेपरचा विचार सुरू होतो. ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. लेखीत १० बहुपर्यायी, ८ एका गुणाचे, मग बारापैकी आठ दोन गुणांचे, बारापैकी आठ तीन गुणांचे, आणि पाचपैकी तीन चार गुणांचे. वेळ तीन तास. दोन गुणांच्या प्रश्नाला दोन मुद्दे पुरतात, पानभर लिहून तिसरा गुण मिळत नाही. पण चार गुणांच्या प्रश्नात आकृती नसेल तर उत्तर अर्धंच राहतं. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात, ते एनसीईआरटीच्या पुस्तकावरून. तिथे ओळ न् ओळ वाचावी लागते. दोन पुस्तकं दोन रांगांत वाचण्यापेक्षा एक प्रकरण दोन्ही पुस्तकांतून एकाच आठवड्यात उरकावं. फरक असेल तिथे समासात खूण करायची.

अन्न उत्पादनाच्या प्रकरणात संकरणासाठी परागकोश काढून टाकणं हा टप्पा येतो. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, प्रत्येकाचे सहा पुंकेसर चिमट्याने काढणं शक्यच नाही. म्हणून कांद्याचं संकरित बी अडून होतं. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना इटालियन रेड जातीत एक असं झाड सापडलं की त्याला पराग धरतच नव्हते. पुढे कळलं की यात पेशीद्रव्य आणि केंद्रकातलं जनुक दोघांचा हात आहे. पेशीद्रव्य आईकडूनच येतं, हे तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य इथे शेतात कामाला आलेलं दिसतं. आपल्याकडे कांद्यावरचं राष्ट्रीय संशोधन पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला चालतं.

यातलं काही जमो न जमो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक काम विसरायचं नाही. चांगले मोठे कांदे कुंडीत लावायचे, मान मातीच्या बाहेर ठेवून. कांदा द्विवर्षायू आहे, त्याला फुलायला थंडी लागते. सातव्या प्रकरणातलं व्हर्नलायझेशन ते हेच. दिवसाच्या लांबीवर कांदा पोसणं अवलंबून असतं, फुलणं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर येतात आणि टोकाला पातळ आवरणातला गोंडा दिसतो. आवरण फाटू लागलं की सकाळी तो गोंडा अख्खा त्याच अॅसेटो-अल्कोहोलमध्ये टाकायचा. एका गोंड्यात लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या कळ्या असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी बारीक कळीपासून सुरुवात करून एकेकीतले परागकोश अॅसेटोकार्माइनमध्ये सुईने चिरडून बघत जायचं. उमललेली कळी निरुपयोगी, तिच्यात तयार परागकण असतात. फार बारीक कळीत अर्धगुणसूत्री विभाजन अजून सुरूच झालेलं नसतं. मधल्या एखाद्या कळीत गोल, मोठ्या, एकमेकींपासून सुट्या पेशी मिळतात. चिरडल्यावर परागकोशाची टरफलं चिमट्याने काढून टाकायची, नाहीतर कव्हरस्लिप सपाट बसत नाही. ४५ च्या भिंगाखाली पहिल्या मध्यावस्थेतली पेशी सापडली की मोजायचं. जुलैत मुळाच्या टोकात १६ सुटी गुणसूत्रं होती, इथे तीच १६ दोन-दोन चिकटून ८ जोड्यांत बसलेली दिसतात.